पांढरा पट्टा

“वैनी, माझ्या निमीच्या फ्राकाला पट्टा पांढरा का वो?” गोदानं विचारलं.

मी मशीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, “कापड संपलं गोदा. कटपीस होता, ताग्यातून फाडून आणलेलं नव्हतं. घरात पांढरं पॉपलीन होतं, ते लावलं. उलट उठून दिसतंय.”

“दिसतंय की,” ती म्हणाली. गोदा कधी कुणाशी वाद घालायची नाही. तिनं फ्रॉक उलटासुलटा करून पाहिला, गळ्याचा टाका बोटानं चाचपला आणि तुमच्या हाताला तोड नाही म्हणत छातीशी धरून घेऊन गेली.

कापड संपलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला चांगली बाई समजून कुणी ऐकायला नको. वीतभर रुंद आणि दोन हात लांब तुकडा मशीनच्या झाकणाखाली घडी करून ठेवला होता. त्यातून मला माझ्या ब्लाउजच्या बाह्या काढायच्या होत्या. ब्लाउजच्या अंगाचं कापड आधीच कापून झालं होतं, बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. निमीला पट्टा दिला असता तर माझ्या बाह्या आखूड झाल्या असत्या, एवढंच. पण तेही पूर्ण खरं नाही. खरं पुढं येईल.

त्या दसऱ्याला मी तीन फ्रॉक शिवले, आणि त्यातल्या एका फ्रॉकमधली मुलगी घट बसायच्या आधीच गेली. त्यातून लोकांनी जी गोष्ट केली, तिच्यापायी आमच्या भागातले लोक मला आज सेहेचाळीस वर्षं हात जोडतात. जोडू देते मी.

आम्ही तेव्हा कालव्याच्या कडेला, पाटबंधाऱ्याच्या वसाहतीत राहत होतो. दगडी खोल्यांची एक रांग, समोर बाभळी, त्यापलीकडं कालवा. माझे यजमान तिथं कारकून होते. शेजारच्या खोलीत गोदावरी, तिचा नवरा विठोबा कालव्याची दारं वरखाली करायचा. शिंपी थेट तालुक्याला, आणि त्यानं शिवलेलं पोरींच्या अंगात कधी बसायचं नाही. मी माहेरून हातानं फिरवायचं मशीन आणलेलं होतं. शिकवायला कोण होतं? एक जुना फ्रॉक टाका टाका करून उसवला, त्याचे भाग वर्तमानपत्रावर ठेवून कापले, आणि त्या कागदांवरून शिवत सुटले. पहिले दोन बिघडले. तिसऱ्यापासून मी नाक वर करून चालायला लागले.

दसऱ्याला आणि पाडव्याला एकाच कापडातून उज्ज्वलेचा फ्रॉक, वृंदाचा फ्रॉक आणि माझा ब्लाउज, असा माझा नेम. यजमान म्हणायचे, निघालं बँडपथक. म्हणोत. मला ते फार आवडायचं. बाजारात पोरी पांगल्या तरी मी घाबरायची नाही. नुसती नजर फिरवली की आपलं कापड दिसायचं. तोंडं बघायची गरजच पडायची नाही.

त्या वर्षीचं कापड पिवळं होतं, त्यावर बारीक हिरवी पानं. उज्ज्वला नऊ वर्षांची, वृंदा सहाची. गोदाची निमीही सहाचीच. वृंदाएवढीच उंच, तशाच तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या. दिवसभर आमच्याकडंच असायची. मी कापायला बसले तेव्हा ती कापडाच्या कडेला उभी राहून एका पानावरून बोट फिरवत होती. मागितलं काही नाही तिनं. मागितलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. वृंदा म्हणाली, “आई, निमीला पण.” मग काय करता? कागद तोच, माप तेच. घातला हात कात्रीला.

कच्चे टाके घालून मी निमीला तो फ्रॉक घालून बघितला. ती पाठमोरी उभी राहिली आणि माझं मलाच कळेना, आपली कुठली आणि गोदाची कुठली. मला ते रुचलं नाही. खरं म्हणाल तर माझ्या बाह्यांपेक्षा हे कारण मोठं होतं. माझ्या पोरी त्या माझ्या पोरी दिसायला हव्यात, शेजारचं पोर त्यात मिसळून जायला नको, असं माझ्या मनात आलं. म्हणून निमीला पांढरा पट्टा. कुशीच्या शिवणीत दुहेरी टाक्यानं बसवला, मागं मोठी गाठ येईल असा लांब ठेवला. गोदाला म्हटलं, कापड संपलं.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं एकूण एक कापड धुवायचं. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे, अंगावरचं जुनंपानं, खुंटीवरच्या पिशव्यासुद्धा. देवी यायच्या आधी घरात मळलेलं काही राहता कामा नये. वसाहतीतल्या सगळ्या बायका एकच दिवस ठरवायच्या आणि सोड्यात भिजवलेले ढीग घेऊन कालव्याच्या पायऱ्यांवर जायच्या. सकाळी पोरींना घालायला एक धडुतं कोरडं नव्हतं. सगळं भिजत पडलेलं. राहिले होते ते ट्रंकेतले नवे फ्रॉक. उज्ज्वला म्हणाली, नवे आजच मळतील. मी म्हटलं, मळले तर धुवायलाच बसलोय, घाला. दोघींना मी माझ्या हातानं घातले, गोदानंही निमीला तिचा नवाच घातला होता. वृंदाच्या पाठीवर पिवळ्या पट्ट्याची गाठ मी मारली, घट्ट, दोन पेडी. ती जरा फुरंगटून उभी होती. पण मला घाई होती, बादल्या उचलून मी पुढं गेले. पोरी मागून येणार होत्या.

पाणी सुटलेलं होतं. कालवा भरून वाहत होता, पण नदीसारखा आवाज नाही, खळखळ नाही. वरून बघणाऱ्याला वाटावं उभंच आहे. आम्ही सात-आठ जणी पायऱ्यांवर पांगलो होतो. मी नदीकाठची, मला पोहता यायचं. बाकी कुणाला येत नव्हतं. गोदा पिळलेल्या गोधड्या वर बाभळीखालच्या दगडांवर पसरायला गेली होती, उज्ज्वला तिच्याबरोबर. वृंदा आणि निमी खालच्या पायरीवर बसून माझ्या एका गोधडीचं टोक धरून खेळत होत्या. गाडी ओढतोय, म्हणत होत्या. मी त्यांच्याकडं पाठ करून चादर आपटत होते.

भिजलेली गोधडी किती जड होते ते धुणारीलाच ठाऊक. दोघी बायकांनी पीळ घातला तरी मनगटं भरून येतात. ती गोधडी पायरीवरून घसरली आणि ओढीला लागली. पोरींनी टोक सोडलं नाही. सोडा, सोडा, असं कुणीतरी ओरडलं तेव्हा मी वळले. पायरी रिकामी होती.

मी लुगड्यासकट उडी टाकली. वर आले तर पाण्यात दोन पिवळे फ्रॉक. एक माझ्या डाव्या हाताशी, भिंतीजवळ. डोकं गोधडीखाली गेलेलं, नुसती पाठ वर, पाठीवर पांढरी गाठ. दुसरा लांब, मधल्या धारेत चाललेला. तो वर आला, खाली गेला, परत वर आला, आणि मला पिवळा पट्टा दिसला.

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं लोक अशा वेळी सांगतात. मला मिळाला. अगदी पुरेसा मिळाला. मी म्हटलं, ही गोदाची, ती माझी. गोधडी आडवी आली होती, तिच्यासकट त्या मुलीला मी डाव्या हातानं बाजूला सारलं आणि पुढं गेले.

पट्टा हातात आला. मी तो मुठीला गुंडाळला आणि ओढत आणलं. दुहेरी टाका होता, उसवला नाही. काठावर बायकांनी एकमेकींच्या पदरांना धरून साखळी केली होती, त्यांनी आम्हांला वर घेतलं. मी पोरीला पालथी टाकून पाठ दाबली. पाणी आलं, मग खोकला आला. मी तिला उताणी केली. निमी होती.

मी परत उडी टाकायला धावले तर बायकांनी धरलं. मी त्यांना चावले, ओरबाडलं. पाण्यावर काहीच नव्हतं. गोधडीसुद्धा नव्हती. विठोबा धावत दारं पाडायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच वृंदाला खालच्या दारापाशी काढली. पाठीवरची पांढरी गाठ तशीच होती. मी ती सोडली आणि कुणी बघायच्या आत फ्रॉक काढून तिला माझ्या लुगड्यात गुंडाळली.

तेराव्यापर्यंत गोष्ट पंचक्रोशीत गेली होती. काठावरच्या सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. हाताशी पोटची पोर होती, ती बाजूला सारली, आणि धारेत चाललेली शेजारणीची पोर काढली. जवळची काय, कुणीही काढेल, लांबची गेलीच असती, असा हिशेब त्या माउलीनं एका क्षणात केला म्हणे. गोदानं सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. उठेचना. मी तिथं बोलायला हवं होतं. गोदा, पट्टा बघून गेले गं मी, एवढंच बोलायचं होतं. पण मी बोलले असते तर त्या पोरीकडं बघून माझ्या मनात काय येत होतं तेही बाहेर आलं असतं. मी तोंडाला कुलूप घातलं. नंतर ते उघडायची हिंमत झाली नाही.

यजमानांनी एकदाच विचारलं. जेवताना, ताटाकडं बघत. “वृंदा जवळ होती म्हणतात.” मी म्हटलं, “दुसरी आधी बुडाली असती.” त्यांनी मान हलवली. त्यानंतर चोवीस वर्षं ते माझ्याशी असे वागले जसं देवळात वागतात. आवाज चढवला नाही, चेष्टा केली नाही. बँडपथक हा शब्द घरातून गेला तो गेलाच. मला माझा नवरा परत हवा होता. पण तो मागायचा तर खरं सांगावं लागलं असतं, आणि ते जाईपर्यंत मी सांगितलं नाही.

उज्ज्वला सोळा वर्षांची होती तेव्हा कशावरून तरी आमचं वाजलं. ती म्हणाली, “त्या दिवशी पाण्यात मी असते तरी सोडलं असतंस ना? दुसऱ्याची असती तर तिलाच काढलं असतंस.” मी तिच्या थोबाडीत मारली. तिचं लग्न झालं, ती सोलापूरला गेली, सणावाराला येते, औषधं पाठवते. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती परत कधी निजली नाही.

शिवणं मी सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी त्याचीही गोष्ट केली असती. पण एका कापडातून दोघींचं असं परत कधी शिवलं नाही. गिऱ्हाईक आलं, दोघी बहिणींना सारखंच हवं म्हणालं, तर मी त्यांना दुसरीकडं धाडायची. आणि एक सवय लागली ती गेली नाही. रस्त्यात कुठं पाठमोरी पिवळ्या कपड्यातली मुलगी दिसली की माझे पाय आपोआप भरभर चालायला लागतात. पुढं जाऊन तिचं तोंड बघितल्याशिवाय मला पुढचा श्वास येत नाही. परक्या मुलींच्या वाटेत मी अशी आडवी उभी राहते, त्यांच्या आया त्यांना जवळ ओढून घेतात. ओढून घ्यावंच. कधी एखादी वळते आणि डोळे वृंदाचे असतात. मला माहीत आहे ती नाही ते. तरी मी तिला वाट सोडते, डावा हात पदरात घेऊन.

निमी शिकली, नर्स झाली, तिला दोन मुली झाल्या. दर दसऱ्याला ती सोनं घेऊन माझ्याकडं येते, पाया पडते. मी तिला जेवू घालते. सेहेचाळीस वर्षांत आम्ही दोघींनी त्या दिवसाविषयी एक अक्षर काढलेलं नव्हतं. मला वाटायचं, लहान होती, आठवत नसेल.

यंदा गावातल्या महिला मंडळानं ठरवलं, माझा सत्कार करायचा. आदर्श माता. निमीनं व्यासपीठावरून दोन शब्द बोलायचे. पत्रिका छापायच्या आधी त्यांनी मजकूर पाठवला होता, तो घेऊन ती एका सकाळी अचानक आली. मी मशीनपाशी बसून माझ्या झंपराला हूक लावत होते. डोळ्यांना दिसत नाही आता, बोटांनी चाचपून लावते. ती समोरच्या पाटावर बसली. चहा नको म्हणाली. कागद मांडीवर ठेवला.

“काकू, मी नाही बोलणार तिथं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, नको बोलूस. मलाही जायचं नाही.

“तसं नाही. मला एक सांगायचंय. आई होती तोवर तिनं बोलू दिलं नाही. म्हणायची, त्या माउलीला ते ठाऊक नाही, कशाला जखम उकरतेस.” तिनं मांडीवरचा कागद बाजूला ठेवला. “फ्रॉक आम्ही घरून निघतानाच बदलले होते. आमच्या खोलीत. वृंदाला माझा पांढरा पट्टा हवा होता, आणि मला तुमचा. मला तुमच्या तिघींसारखं दिसायचं होतं.”

मी हातातली सुई खाली ठेवली. म्हटलं, “ठाऊक आहे मला. मी तुला उताणी केली तेव्हाच कळलं.”

“म्हणजे तुम्ही मला वृंदा समजूनच…”

“हो.”

मला वाटलं, ती उठून जाईल. ती उठली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि सहा वर्षांची असताना कापडाच्या कडेला उभी राहायची तेव्हाचा तो चेहरा मला दिसला, काही न मागणारा.

“तेही मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही पाण्यात बोलत होता. तुम्हांला आठवत नसेल. ‘वृंदे, आले गं मी. वृंदे, धर मला, सोडू नको.’ काठापर्यंत तेच. माझं तोंड पाण्याबाहेर होतं काकू. मी सांगू शकले असते. ती तिकडं आहे, मागं, भिंतीजवळ. मी नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही मला सोडाल.”

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. सहा वर्षांच्या पोरीनं पाण्यात ओठ दाबून धरले आणि ते पुढं सेहेचाळीस वर्षं दाबूनच ठेवले, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दर दसऱ्याला ती माझ्या पायांवर डोकं ठेवायची तेव्हा क्षमा मागत होती, आणि मी वरून तोंडभर आशीर्वाद देत होते.

मग तिनं विचारलं. आवाज अगदी सरळ होता, पेशंटला विचारावं तसा. “सोडलं असतंत का, काकू?”

नाही म्हणणं सोपं होतं. कुठलीही बाई नाही म्हणाली असती. आदर्श माता तर नक्कीच.

“सोडलं असतं,” मी म्हटलं. “तिथल्या तिथं.”

तिनं डोळे मिटले. खांदे खाली आले तिचे. “मग बरं झालं, मी नाही बोलले ते,” ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघितलं, कपाळ, नाक, हनुवटीवरचा बारीक व्रण. इतक्या वर्षांत मी त्या मुलीकडं असं कधी बघितलं नव्हतं. तिच्यात मला जी दिसायची ती दुसरीच असायची. मी तिला म्हटलं, निमे, तू जगलीस हे चांगलंच झालं, आणि हे मला आज पहिल्यांदा वाटतंय, आधी कधी वाटलं नव्हतं. ती मान हलवत राहिली.

ती जरा शांत झाल्यावर मी तिला उज्ज्वलेला फोन लावून द्यायला सांगितलं. मला ते नंबर जुळवता येत नाहीत. उज्ज्वलेनं आधी विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, तब्येतीचं राहू दे, ऐक. आणि बसल्या जागी सगळं सांगितलं. पट्टा, अदलाबदल, पाणी. संपल्यावर मला वाटलं, फोन बंद झाला.

“आई,” ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. “म्हणजे तू तिला सोडलं नव्हतंस. तू वृंदाकडंच निघाली होतीस.”

“हो गं,” मी म्हटलं. “तिच्याकडंच निघाले होते. तिलाच बाजूला ढकलून.”